14 वर्षं वेटलिफ्टिंग केल्यावर मिरजेतून घेतलेली सतार: सव्वा वर्षानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी गाण्याबजावण्याच्या घरातली नाही. सांगलीत वाढले, नववीत असताना शाळेतल्या पीटीच्या सरांनी हातात बार दिला आणि तिथून पुढची 14 वर्षं वेटलिफ्टिंग सोडून दुसरं काही केलं नाही. विद्यापीठ झालं, राज्य स्पर्धा झाल्या, 59 किलो गटात स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) 74 किलो आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 93 किलो हे माझे सगळ्यात मोठे आकडे आणि मला त्यांचा अभिमान आहे. मग उजवा खांदा गेला. एका दिवसात नाही गेला, दोन वर्षं हळूहळू जात होता आणि मी टेप लावून, बर्फ लावून, गोळ्या खाऊन ढकलत होते, शेवटी एमआरआय झाला आणि डॉक्टर म्हणाले डोक्यावर वजन घेणं बंद, बाकी काय वाटेल ते कर. आता स्नॅच पण डोक्यावर आणि जर्क पण डोक्यावर, म्हणजे सगळंच संपलं ना.

हा रिव्ह्यू मिरजेतल्या एका सतारवाल्यांच्या कारखान्याचा आणि त्यांनी बनवून दिलेल्या सतारीचा आहे. पण खांद्याचं आधी सांगितलं कारण सतार घ्यायला निघालेल्या लोकांसाठी माहिती बरीच मिळते, बार सोडून आलेल्या माणसासाठी काहीच मिळत नाही. संध्याकाळी साडेपाच वाजले की पाय आपोआप जिमकडे वळायचे आणि मी घराच्या जिन्यावर येऊन बसायचे, ते दिवस मला आठवतात, तशा कुणासाठी तरी हे लिहितेय.

मधे बाकीचं पण करून बघितलं. पळायला लागले, दीड महिन्यात नडगी दुखायला लागली. पोहायला गेले तर फ्रीस्टाइलमधे हात वर जातोच, खांद्यानं तिसऱ्या दिवशी नाही सांगितलं. सायकल आवडली, अजूनही रविवारी हरिपूरपर्यंत जाऊन येते, संगमावर चहा पिते, पण ते फिरणं झालं, त्यात डोकं गुंतत नाही. जिममधले सगळे म्हणत होते पॉवरलिफ्टिंगला ये, स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, डोक्यावर काही नाही, तुझे पाय तर तयारच आहेत. ह्याच्यावर मी खूप विचार केला. महिनाभर डेडलिफ्ट केलं पण. पण रोज मनात जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी यायचे आणि मला कळलं की मी खेळ बदललेला नाही, नुसती तीच वही पुढे लिहितेय, आणि वही बंद करायची होती. किलोमधे मोजता येणारं आता काही नको, एवढं एकच नक्की झालं होतं, काय हवं ते माहीत नव्हतं.

आकड्यांचं काय असतं ते आम्हा सांगलीवाल्यांना वेगळं सांगायला नको. 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमधे आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात 248 उचलले, सोनं 249 वर गेलं. एक किलो! आणि शेवटच्या दोन प्रयत्नांत त्याचा कोपर दुखावला होता. आम्ही सगळी बॅच मोबाईलवर बघत होतो, रौप्य आलं म्हणून पेढे वाटले आणि तरी रात्रभर तो एक किलो डोक्यातून गेला नाही.

असो. आत्याकडे एक जुना तानपुरा आहे, तिच्या सासूबाईंचा. तो बोलेनासा झाला होता, म्हणजे तार छेडली की टण् वाजून गप्प. मिरजेला न्यायचा होता आणि तिला उचलायला कोणीतरी हवं होतं म्हणून मला घेऊन गेली. सांगली मिरज हे अंतर दहा-एक किलोमीटर, आयुष्यभर मी ये-जा केलीय, दवाखान्याला, रेल्वेला, पण सतारमेकर गल्लीत कधी पाय ठेवला नव्हता. आत्याचं जग वेगळंच आहे. मी कुरुंदवाड म्हटलं की मला 2014 च्या ग्लासगो कॉमनवेल्थची वेटलिफ्टिंगमधली तीन ब्राँझ आठवतात, गणेश माळी, ओंकार ओतारी, चंद्रकांत माळी, तिघंही त्या एका छोट्या गावचे. आत्या कुरुंदवाड म्हटलं की म्हणते पलुस्करांचं गाव. विष्णु दिगंबर पलुस्कर, 1872 चा जन्म, तिथलाच, आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. तीच कृष्णा-पंचगंगा, तेच गाव, आणि आम्ही दोघी आत्या-भाची इतकी वर्षं एकाच नकाशावर दोन वेगळी गावं बघत होतो. मला हे त्या रिक्षात बसून पहिल्यांदा कळलं.

दुकान म्हणजे शोरूम समजू नका. पुढे आठ बाय दहाची खोली, भिंतीला टांगलेल्या सतारी आणि तानपुरे, मागे कारखाना, सगळीकडे लाकडाचा भुसा आणि लाखेच्या पॉलिशचा वास. नाव इथे देत नाही, तिथल्या सतारवाल्या चाचांना विचारलं तर ते म्हणाले नको ताई, फोन येत राहिले की हातातलं काम राहतं. गल्लीत कुणालाही जवारी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज उघडायचं काम, कोण चांगली करतं विचारा, तीन-चार नावं सांगतील, त्यातले एक.

त्यांनी आत्याच्या तानपुऱ्याची घोडी बघितली, कानशीनं दोनदा घासली, तार लावली, छेडली, कान जवळ नेऊन ऐकलं, परत तार बाजूला केली, परत एकदा हलकं घासलं, परत ऐकलं. दीड तास हेच. मधे कुणाशी बोलणं नाही. मी स्टुलावर बसून बघत होते आणि मला आमचे सर आठवले, ते आमच्याकडे पाठ करून उभे असायचे आणि बार खांद्यावर बसल्याचा नुसता आवाज ऐकून सांगायचे, उशिरा शिरलीस खाली. मग एका क्षणी तो तानपुरा एकदम उघडला. कसं सांगू, एक तार छेडली आणि तिच्यातून चार आवाज आले, खोलीभर झालं. तेवढ्या हाडाच्या तुकड्यावरची केसभर जागा खाली गेली होती, बाकी काही नाही. आत्याच्या डोळ्यात पाणी आलं. मी त्याच दिवशी विचारलं, सतार शिकायला कितीची घ्यावी लागेल.

तानपुरा का नाही असं आत्यानं विचारलं. मला गायचं नव्हतं. मला हातांना काम हवं होतं.

चाचांनी ऑर्डर घ्यायच्या आधी मला मागे नेऊन सगळं दाखवलं, आणि हा या दुकानाचा पहिला मोठा प्लस पॉइंट, घाई नाही. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, खायचे नाहीत, जाड सालीचे कडू, शेतातच वाळवलेले. ते पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंड कापून आतून साफ करतात, आत काड्यांचा टेकू देऊन हवा तसा आकार आणतात आणि परत वाळवतात. दांडी आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) तुणीच्या लाकडाची, काही जण सागवान मागतात पण चाचा म्हणाले शिकायला तूण घ्या, हलकं आणि लवकर बोलतं. घोडी पूर्वी सांबरशिंगाची असायची, आता ते बंद, उंटाचं हाड किंवा फायबर. मी हाडाची घेतली. पडदे, म्हणजे दांडीवरच्या सुरांच्या आडव्या पट्ट्या, पितळेचे, दोऱ्यानं बांधलेले, म्हणजे सरकवता येतात, रागाप्रमाणे थोडं वर खाली करायचं. वरच्या तारा 7 आणि खाली तरफेच्या 13. तरफा आपण वाजवत नाही, वरचा सूर बरोबर लागला तर त्या आपोआप खालून गुणगुणतात आणि नाही लागला तर गप्प बसतात. हे वाचायला छान वाटतं, प्रत्यक्षात पहिले चार महिने त्या गप्पच होत्या.

आणि एक गोष्ट तिथे कळली ती मी विसरणार नाही. मिरजेत हा धंदा सुरू झाला तो साधारण 1850 च्या सुमाराला फरीदसाहेबांपासून, आणि ते घराणं मूळचं शिकलगारांचं, तलवारी घासून धार लावणारं. राज्यं गेली, तलवारींचं काम संपलं, आणि संस्थानात वाद्यं दुरुस्तीला यायची ती हातात घेता घेता हे लोक सतारमेकर झाले. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले, 1937 ला गेले तेव्हा त्यांना इथल्याच दर्ग्यात आणलं, आजही उरुसात तिथे रात्रभर गाणं होतं. आणि 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. चाचा हे सगळं हातातलं काम न थांबवता सांगत होते, मी मात्र त्या शिकलगारांपाशीच अडकले. लोखंडातून आलेली माणसं आहेत ही. मला तिथे बसायला एकदम हक्काचं वाटलं, आणि हा रिव्ह्यूमधे लिहायचा मुद्दा नसेल तरी मी लिहिणार.

किंमत. एक भोपळ्याची, साधी नक्षी, शिकायच्या दर्जाची सतार मला 24 हजारला पडली आणि फायबरची केस वेगळी साडेचार हजार. ह्याहून स्वस्त मिळतात, 12-15 हजारात ऑनलाइन पण येतात. आमच्या ऑफिसमधल्या एकीनं तशी मागवली, भोपळ्याला सांध्यापाशी तडा गेलेला आला, आणि परत घ्यायला महिना लावला. भोपळा हे जित्राब नाजूक आहे हो, नारळासारखं कडक दिसतं पण टेबलाच्या कोपऱ्याला लागलं तरी गेलं. मिरज लांब असेल तर निदान केसचे पैसे वाचवू नका, कापडी गवसणीवर भागवू नका.

दुकानाबद्दल तक्रार आहे का, तर आहे. दसऱ्याला देतो म्हणाले, दिवाळी झाल्यावर मिळाली. मधे तीनदा फोन केला, तीनदा "पॉलिश वाळतंय ताई" हेच उत्तर. पॉलिश खरंच वाळत होतं कारण त्या वर्षी पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळला होता, पण तारीख देतानाच महिनाभर जास्तीची दिली असती तर मी इतकी तळमळले नसते. दुसरं म्हणजे पहिल्याच आठवड्यात जोडीच्या तारेची खुंटी सरकायला लागली, लावून ठेवली की अर्ध्या तासात उतरलेली. घेऊन गेले. चाचांनी खुंटी बाहेर काढली, खिशातून खडू काढला, शाळेतला साधा पांढरा खडू, खुंटीला फिरवला, आत दाबून बसवली, झालं. मी बघतच राहिले. 14 वर्षं मी हाताला खडू लावून बार धरला, तो वेगळा, मॅग्नेशियमचा, पण काम तेच, घसरू नये म्हणून. माझ्या जुन्या किटमधे खडूचा अर्धा डबा पडून होता. चाचांना म्हटलं तो चालेल का, ते म्हणाले तो फार भुसभुशीत असतो, हाच बरा, आणि खिशातलाच तुकडा मला दिला. तो अजून केसमधे आहे.

आता सतार वाजवणं वेटलिफ्टिंगवाल्याला कसं जातं ते सविस्तर सांगते, कारण माझ्यासाठी खरा रिव्ह्यू हाच.

बसणं. उजवा पाय डाव्यावरून घेऊन भोपळा डाव्या तळपायाच्या खोलगट भागात ठेवायचा. ऐकून भीती वाटते पण स्नॅचचा पूर्ण खालचा स्क्वॉट ज्यांनी वर्षानुवर्षं केलाय त्यांचे खुबे मोकळे असतात, मला पहिल्या दिवसापासून बसता आलं, सतार शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या नव्या मुलींना दोन महिने लागतात. डाव्या पायाला मुंग्या यायच्या, त्या महिनाभरात गेल्या. सतारीचं वजन तीन-साडेतीन किलो, त्यामुळे ओझं असं काही नाही, पण ती हातानं धरायचीच नसते. उजव्या कोपराच्या खालच्या भागानं भोपळा हलका दाबून ठेवायचा, त्या दाबावर अख्खी सतार तोलली जाते आणि डावा हात पूर्ण मोकळा राहिला पाहिजे. इथे माझं अडलं. माझा डावा अंगठा दांडीला मागून गच्च पकडायचा. आम्ही हुक ग्रिप करतो, अंगठा बारला लावून त्याच्यावर बोटं आवळायची, बार सुटला तर सगळंच गेलं, ही भीती 14 वर्षं त्या अंगठ्यात मुरलीय. बाई माझा अंगठा रोज हातानं सोडवायच्या. "सोड गं, पडत नाही ती." मला वाटतं पहिल्या तीन महिन्यांत मी सतार कमी शिकले आणि अंगठा सोडायला जास्त शिकले.

बोटं. माझ्या तळहाताला घट्टे आहेत, बोटांच्या मुळाशी, मी ते दर रविवारी घासून सपाट करायचे नाहीतर स्पर्धेत फाटतात. सतारीला ते काहीच कामाचे नाहीत. इथे लागतात डाव्या पहिल्या दोन बोटांच्या अगदी टोकाला, आणि तिथली माझी कातडी बाळासारखी होती. पोलादी तार, तिच्यावर बोट दाबून घासत न्यायचं, आठवड्यात टोकाला काळी रेघ, मग फोड, मग चीर. कापसाचा बोळा खोबरेल तेलात भिजवून शेजारी ठेवायचा, बोट त्याला लावून मग तारेवर, त्यानं घसरणं सोपं होतं. उजव्या पहिल्या बोटात तार छेडायची नखी, तारेचीच असते, ती आवळून बसवायची, पहिले काही दिवस बोटाचं टोक बधिर. मी हे सगळं सहन केलं असं म्हणणार नाही कारण मला हे ओळखीचं वाटलं. नवीन खेळ शरीरावर आपली सही करतो, तशी ती चालली होती, आणि रात्री बोट दुखत असताना मला बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा शांत झोप लागली.

आणि मग मींड. एका पडद्यावर बोट ठेवून तार आडवी खेचायची, म्हणजे पडदा तोच पण सूर चढत जातो, सा वर बसून रे, ग पर्यंत तार ओढून न्यायची. ताकद लागते ह्याला, खरोखर लागते, आणि मला वाटलं चला, इथे तरी मी पुढे असणार. पहिल्या महिन्यात बाजाची तार, म्हणजे वाजवायची मुख्य तार, तीन वेळा तोडली. चौथ्यांदा तार आणायला गेले तेव्हा चाचा म्हणाले, वाजवून दाखवा. मी ओढली. ते म्हणाले, "ताई, जोर लई हाय हातात. पर तारेला जोर नको, वढ पाहिजे." मी विचारलं फरक काय. त्यांनी माझं बोट तारेवर ठेवलं, वर आपलं ठेवलं आणि इतकी हळू ओढली की मला तारेतला ताण वाढताना बोटाला कळत होता, आणि गंधार, म्हणजे ग, आला तिथे थांबले. तिथे कुठे खूण नाही, प्लेट नाही, सरांचा आवाज नाही. सूर आला हे फक्त कानानं कळायचं. मी कितीतरी वेळा पुढे निघून जायचे, कधी अलीकडे राहायचे, आणि आलं की नाही हे सांगणारा लाल-पांढरा दिवा पण नाही.

तरफांचं मगाशी म्हटलं ना, त्या चार महिन्यांनी बोलल्या. मी यमन राग घेऊन बसले होते, रात्री साडेनऊ, लाइट गेलेली, गंधाराची मींड घेतली आणि खालून कुणीतरी हुंकार दिल्यासारखं झालं. मी हात काढून घेतला तरी तो आवाज राहिला, थोडा वेळ. परत केलं तर नाही आला. परत आला तो तिसऱ्या दिवशी. 93 किलो पहिल्यांदा गेलं तेव्हा सगळी जिम ओरडली होती, इथे घरात कुणाला कळलं पण नाही, आणि माझा आनंद तेवढाच होता, मी तोलून सांगू शकत नाही पण तेवढाच होता.

क्लासबद्दल थोडं. बाई विश्रामबागला घरीच शिकवतात, आठवड्यात दोन दिवस, महिन्याला बाराशे. पहिले दोन महिने फक्त दा रा, म्हणजे नखीचे आघात, आणि पलटे, सारेग रेगम गमप, मग मसीतखानी गत, म्हणजे तालात बांधलेली संथ रचना, सोळा मात्रांच्या तीनतालात बाराव्या मात्रेपासून उचलायची, दिर दा दिर दा रा, दा दा रा. बाराव्यापासून सुरू करून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बरोबर येणं हे मला लवकर जमलं, कारण लिफ्टिंगमधे पण पहिल्या खेचीपासून मनात शेवट मोजलेला असतो. रियाज मी सेटमधेच करते, एक पलटा वीस वेळा, दोन मिनिटं थांबायचं, परत वीस. बाई आधी म्हणाल्या असं कुणी करतं का, नंतर म्हणाल्या चालू दे, तुझी बोटं त्यामुळे तयार होतायत. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा देणार का असं त्यांनी विचारलं, बहुतेक मुली देतात, आणि त्यात वाईट काही नाही, पण मी तूर्त नको म्हटलं. मार्क म्हटले की मी परत वही उघडेन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

खांद्याचं विचाराल तर उजवा हात सतारीवर खालीच राहतो, कोपर टेकलेला, त्यामुळे दुखत नाही. पण तास-दीड तास एका जागी बसलं की मानेपासून खाली दोरी आवळल्यासारखं होतं. मी अजूनही आठवड्यात दोनदा जिमला जाते, रबर बँड, रोइंग, हलके स्क्वॉट, एवढंच. जिम सोडू नका, हे मनापासून सांगते. नुसतं बसून वाजवायला लागलात तर पाठ धरेल.

पावसाळ्याचं एक. हवेत ओल आली की लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, पडद्यांचे दोरे ढिले पडतात, सूर दिवसातून दोनदा हलतो. सतार केसमधे ठेवायची आणि आत त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, बुटाच्या खोक्यातल्या जमवून ठेवल्या तरी चालतात. उन्हात वाळवायला अजिबात ठेवू नका, सांधे उकलतात. आणि सांगली-मिरजेतल्या लोकांसाठी, ती वरच्या मजल्यावर ठेवा. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या जिममधे बार, प्लेट सगळं चार दिवस पाण्याखाली होतं. बार आम्ही नंतर रॉकेलनं पुसून, तेल घालून परत फिरते केले, लोखंड माफ करतं. भोपळा करणार नाही. आत्याचा तानपुरा त्या वर्षी माळ्यावर चढवला म्हणून वाचला.

कुणी घ्यावी आणि कुणी नाही. ज्यांना जिममधली ती धाप, घाम, सगळ्यांनी मिळून ओरडणं हवंय त्यांना सतारीत ते मिळणार नाही, त्यांनी कबड्डी किंवा ट्रेकिंगचा ग्रुप बघावा, आणि ते चांगलंच आहे. पण तुम्ही जर एकच उचल हजार वेळा करत राहण्यातला, आज पायाचा कोन थोडा बाहेर, उद्या श्वास थोडा आधी, असला छंद असणारे असाल, तर हे वाद्य तुम्हाला पुरून उरेल. दुकानाला पाचात साडेचार देते, अर्धा त्या तारखेचा कापला. वाद्याला पाच.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाची वेळ असते, गल्ली बंद. वाजवता येत नसेल तर येणाऱ्या कुणाला तरी घेऊन जा आणि तीन सतारी ओळीनं वाजवून ऐका, डोळे मिटून, नक्षी बघू नका, नक्षीचे पैसे वेगळे लागतात. जवारी खुली हवी की बंद ते विचारतील, खुली म्हणजे झंकार जास्त, बंद म्हणजे सूर गोल आणि नेमका, शिकणाऱ्यानं मधली मागावी. सुट्या तारांचा सेट आणि दोन जास्तीच्या नख्या त्याच वेळी घ्या. माझ्यासारखे हात असतील तर बाजाच्या तारा चार घ्या.

गेल्या आठवड्यात जवारीला टाकली होती. वर्ष-सव्वा वर्षात तार घोडीत चर पाडते, मग आवाज फुटका येतो, परत घासून घ्यावी लागते, आठशे रुपये आणि एक दिवस. चाचांनी सतार उलटी-सुलटी करून बघितली, पडद्यांवर बोट फिरवलं, एका पडद्यावर थांबले आणि म्हणाले, "गंधारावर लई बसताय." पितळेला बारीक झीज होती, मला दिसली पण नव्हती. आमचे सर नडगीवरचे ओरखडे बघून सांगायचे बार किती जवळून जातोय ते. मी हो म्हटलं. ते म्हणाले बसा, बसा, पण मध्यमाकडं, म वर, पण जात जावा, आणि संध्याकाळी सहानंतर या, तोवर होईल.